पिंग आला कसा?

परवा ऑफिसात एका नवीन मुलाने लिहिलेला कोड तपासत होतो. कोड छान होता. नावं नीटनेटकी, टेस्ट भरपूर, कुठे फापटपसारा नाही. (आमच्या वेळी असा कोड लिहिणारा पोरगा मिळाला असता तर मॅनेजरने पेढे वाटले असते.) एका ठिकाणी मात्र मी अडलो. ग्राहकाच्या रूटिंग टेबलात रूट कुठून आत घ्यायचे आणि कुठे बाहेर द्यायचे, हे सांगणाऱ्या तिथे दोन ओळी हव्या होत्या, एक इम्पोर्टची आणि एक एक्स्पोर्टची. याने एकच लिहिली होती, 'बोथ' असा शब्द वापरून. मी शेरा मारला, 'दोन ओळी कर.'

पाचव्या मिनिटाला साहेब खुर्ची सरकवत हजर.

"सर, आकडा दोन्हीकडे तोच आहे. आणि बोथ लिहिलं की राउटर स्वतःच त्याच्या दोन ओळी करून ठेवतो. मग आपण कशाला टाइप करायच्या?"

मुद्दा बिनतोड होता. राउटर खरंच तसं करतो. मी म्हटलं, "सोमवारी सांगतो." तो खांदे उडवून निघून गेला. 'सरांना उत्तर येत नाही' असं त्याला वाटलं असणार. उत्तर येत होतं, पण ते दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून आज शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन लिहायला बसलोय.

नेटवर्कवाल्या मंडळींनी पुढचे काही परिच्छेद उड्या मारत वाचले तरी चालेल. बाकीच्यांनी थोडा धीर धरा. फार अवघड नाही हो.

समजा एक बँक आहे. पुण्यात मुख्य कचेरी, आणि सातारा, सांगली, कोल्हापूर अशा शाखा. या सगळ्यांना जोडणारी खासगी वायर टाकायची तर बँक विकावी लागेल. मग बँक काय करते, एका नेटवर्क कंपनीकडून व्हीपीएन घेते. नेटवर्क कंपनीची वायर एकच, राउटर तेच, पण त्यावरून शेकडो गिऱ्हाइकांची रहदारी चालते आणि प्रत्येकाला वाटतं की रस्ता माझ्या एकट्याचा आहे. हे वाटणं खरं ठेवायचं काम व्हीआरएफ करतो. राउटरच्या पोटात प्रत्येक गिऱ्हाइकासाठी एक वेगळं रूटिंग टेबल असतं, तो व्हीआरएफ. रूटिंग टेबल म्हणजे 'या पत्त्याला जायचंय? मग या दाराने जा' अशी यादी. बँकेचं पाकीट आलं की बँकेची यादी बघायची, दुसऱ्याचं आलं की दुसऱ्याची.

आता गंमत अशी, की गिऱ्हाइकांचे पत्ते एकसारखे असू शकतात. ऑफिसांच्या आतल्या वापरासाठी काही पत्ते राखून ठेवलेत, १९९६ सालच्या आरएफसी १९१८ या कागदाने. त्यातला दहापासून सुरू होणारा गट सगळ्यांचा लाडका. त्या गटात एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर पत्ते आहेत. पण माणसाचा स्वभाव असा की एवढं मोठं मैदान मोकळं असताना सगळे जण गेटापाशीच सतरंजी अंथरतात. ज्याला बघावं त्याचा सर्व्हर १०.१०.१०.१० नाहीतर १०.२०.३०.५.

म्हणजे एकाच राउटरवर दोन 'फ्लॅट नंबर १०१' आले. मग विंगचं नाव लावा! ए-१०१, बी-१०१. हे विंगचं नाव म्हणजे रूट डिस्टिंग्विशर. चार बाइटच्या पत्त्यापुढे आठ बाइटचा हा आकडा चिकटवला की बारा बाइटचा पत्ता तयार होतो आणि दोन गिऱ्हाइकांचे रूट एकमेकांत मिसळत नाहीत.

पण विंगचं नाव फक्त वेगळेपण सांगतं. कुणी कुणाकडे जायचं, हे ते सांगत नाही. त्यासाठी दुसरी चीज आहे, रूट टार्गेट. हे एक लेबल. रूट बाहेर देताना त्यावर लेबल चिकटवायचं, तो एक्स्पोर्ट. बाहेरून येणाऱ्या रूटांपैकी कुठल्या लेबलाचे उचलायचे हे ठरवायचं, तो इम्पोर्ट. नवशिके लोक या दोन गोष्टींत हटकून घोळ करतात, कारण बहुतेक ठिकाणी दोन्हींत एकच आकडा लिहिलेला असतो. मीही केला होता. त्याबद्दल पुढे येतंच आहे.

हे सगळं ज्यांच्या डोक्यातून आलं त्यातले एक याकोव्ह रेख्टर. १९८९ च्या जानेवारीत ऑस्टिन शहरात एका बैठकीच्या वेळी जेवताना त्यांनी आणि कर्क लॉहीड यांनी बीजीपी या प्रोटोकॉलचा आराखडा हात पुसायच्या कागदी नॅपकिनांवर काढला. 'दोन नॅपकिनांचा प्रोटोकॉल' असं त्याला अजून म्हणतात. सगळं इंटरनेट आजही त्यावर चालतं. पुढे दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, रेख्टर आणि एरिक रोझेन या सिस्कोतल्या दोघांनी त्याच बीजीपीवर व्हीपीएन कसे उभारायचे ते सांगणारी आरएफसी २५४७ लिहिली. २००६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती ४३६४ आली. त्यात आत घेणं आणि बाहेर देणं हे दोन वेगळे निर्णय म्हणून ठेवलेत. त्यामुळे काय काय करता येतं बघा.

बँकेला वाटतं, शाखांनी आपसात बोलायचं नाही, जे काय बोलायचं ते मुख्य कचेरीमार्फत. ठीक आहे. मुख्य कचेरी 'क' लेबल लावून देईल, शाखा 'क' उचलतील. शाखा 'ख' लावून देतील, मुख्य कचेरी 'ख' उचलेल. शाखा 'ख' उचलतच नाहीत, त्यामुळे एका शाखेला दुसरी शाखा कुठे आहे हेच ठाऊक नाही. दोन लेबलं, काम खलास. शाखांवर आणि कचेरीत एकच लेबल 'बोथ' म्हणून टाकलं की सगळे सगळ्यांना दिसायला लागतात.

आणखी एक नियम आहे. दुसऱ्याकडून इम्पोर्ट केलेला रूट पुढे तिसऱ्याला एक्स्पोर्ट होत नाही. आपले स्वतःचे असतील तेवढेच द्यायचे. हे वाचलं तेव्हा मला आईची ट्रंक आठवली. हळदीकुंकवात, बारशात मिळालेले ब्लाऊजपीस ती त्या ट्रंकेत ठेवायची आणि पुढच्या कार्यक्रमात पुढे सरकवायची. (तुमच्याकडेही हेच होतं. उगाच नाही म्हणू नका.) पण आई शिस्तीची. प्रत्येक ब्लाऊजपीसमध्ये चिठ्ठी, कुणाकडून आला त्याची. नाहीतर जोशीकाकूंनी दिलेला परत जोशीकाकूंच्याच ओटीत जायचा! बीजीपी हेच करतो. प्रत्येक रूटबरोबर तो कुणाकुणाच्या हातून आला त्याची यादी असते, आणि त्या यादीत आपलं स्वतःचं नाव दिसलं की तो रूट टाकून देतो. व्हीआरएफचा नियम आईपेक्षाही कडक. आलेला ब्लाऊजपीस पुढे द्यायचाच नाही.

असो. आता मूळ गोष्टीकडे.

सप्टेंबर २०१२. गणपती बसायला आठवडा होता. मी पुण्यातल्या एका कंपनीत होतो आणि आम्ही एका नेटवर्क कंपनीसाठी एक टूल लिहीत होतो. गिऱ्हाइकाची माहिती फॉर्ममध्ये भरली की राउटरचं कॉन्फिगरेशन आपोआप तयार. तोवर हे काम माणसं हाताने करत होती, जुन्या फायलीतून कॉपी-पेस्ट करून. टूलचा तो भाग माझा. माझ्या नावावर. त्याचा मला काय तोरा होता म्हणून सांगू!

त्यात एक साचा होता देखरेखीचा. शाखांमध्ये बसवलेले छोटे राउटर जिवंत आहेत की नाही हे नेटवर्क कंपनीचा एक सर्व्हर बघत असे. तो सर्व्हर त्याच्या स्वतःच्या व्हीआरएफमध्ये. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या टेबलाला त्या सर्व्हरचा रूट हवा, आणि सर्व्हरच्या टेबलाला प्रत्येक छोट्या राउटरचा. जुन्या हाताने लिहिलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये यासाठी दोन लेबलं होती. सर्व्हर एक लेबल लावून देई, गिऱ्हाइकं ते उचलत. गिऱ्हाइकं दुसरं लेबल लावून देत, तेही सगळ्या रूटांना नाही, एका गाळणीतून फक्त छोट्या राउटरच्या स्वतःच्या पत्त्याला. सर्व्हर ते उचले.

मला हे गबाळं वाटलं. एवढ्याशा कामाला दोन आकडे आणि वर गाळणी! मी एकच आकडा ठेवला, 'बोथ' लिहिलं, गाळणी काढून टाकली. सात ओळींची एक ओळ झाली. प्रयोगशाळेत एक गिऱ्हाईक आणि एक सर्व्हर मांडून बघितलं. चाललं. अगदी पहिल्या फटक्यात चाललं.

चालणारच होतं. गिऱ्हाईक एकच होतं ना!

दुसरं गिऱ्हाईक आलं की काय होईल? तेही तेच लेबल लावून आपले सगळे रूट बाहेर देणार आणि तेच लेबल बघून आत घेणार. पहिलंही तेच करतंय. म्हणजे सर्व्हरबरोबर ते दोघे एकमेकांनाही दिसणार. ही गोष्ट आज मला शेंबड्या पोराला कळेल इतकी सोपी वाटते. तेव्हा दिसली नाही. कारण मी 'सर्व्हरला जोडायचंय' या एकाच दिशेने विचार करत होतो, आणि 'बोथ' हा शब्द इतका सालस आहे की तो आपल्याला कुठलाही प्रश्न विचारत नाही.

मंगळवारी रात्री दीड वाजता तीन गिऱ्हाइकांवर पहिला प्रयोग ठरला. एक बँक, एक पॅथॉलॉजी लॅबवाले, एक ट्रान्सपोर्टवाले. बटण दाबणारा मी नव्हतो. मी घरी झोपलो होतो. रात्रपाळीला एक मुलगा होता, परभणीकडचा, कंत्राटावरचा, वर्षभरापूर्वी लागलेला. त्याच्या हातात छापील चेकलिस्ट. बदल करा, प्रत्येक शाखेतून मुख्य सर्व्हरला पिंग करा, उत्तर आलं की टिक करा. त्याने तीन वाजेपर्यंत एकूण एक शाखा तपासल्या. सगळीकडे पिंग आला. सगळीकडे टिक. सकाळी सातला पाळी संपवून घरी.

दहा वाजून दहा मिनिटांनी बँकेचा पहिला फोन. कोल्हापूर शाखेत बँकिंगचा प्रोग्रॅम उघडत नाही. मग सांगली. मग इचलकरंजी. सातारा आणि पुणे मात्र मजेत. आणि पिंग? पिंग सगळीकडून येतोय! आता याला काय म्हणायचं? दोन तास नुसता गोंधळ. सर्व्हरवाले म्हणतात नेटवर्क, नेटवर्कवाले म्हणतात सर्व्हर, पिंग येतोय ना मग आमच्याकडे काही नाही.

कोडं सोडवलं काकांनी. काका म्हणजे आमच्याकडचे एक सीनियर. दूरसंचार खात्यातून निवृत्त होऊन आलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. सगळे त्यांना काकाच म्हणायचे. काका बँकेच्या फोनकडे बघतच नव्हते. ते दुसऱ्याच तक्रारीचा कागद घेऊन बसले होते. लॅबवाल्यांच्या पुण्यातल्या एका केंद्राची तक्रार होती की आमचे रिपोर्ट कोल्हापूरच्या प्रिंटरवर छापले जात नाहीत. अगदी किरकोळ. कुणी उघडलीसुद्धा नव्हती.

काकांनी मला हाक मारली. "अरे, हा प्रिंटर बघ. याचा पत्ता काय?"

१०.२०.३०.५.

"आणि बँकेचा सर्व्हर?"

१०.२०.३०.५.

मी खुर्चीवर बसलो होतो ते बरं होतं.

झालं होतं ते असं. बँकेचा सर्व्हर पुण्यात, लॅबवाल्यांचा प्रिंटर कोल्हापुरात, पत्ता एकच. विंगचं नाव वेगळं होतं, त्यामुळे वाटेत दोन्ही रूट सुखरूप वेगळे. पण बँकेच्या टेबलाने लॅबचा रूट इम्पोर्ट केला की आत येताना विंगचं नाव गळून पडतं. आता एकाच पत्त्याला दोन रस्ते. राउटर दोन्ही तोलून बघतो, आणि बाकी सगळं सारखं असलं तर जवळचा निवडतो. साताऱ्याला पुणं जवळ, म्हणून सातारा मजेत. कोल्हापूर-सांगलीला कोल्हापूरच जवळ. त्यामुळे त्या शाखांमधला कॅशियर बँकिंगचा प्रोग्रॅम उघडायला जायचा आणि त्याची विनंती जाऊन पडायची एका लॅबच्या प्रिंटरवर. प्रिंटरला बँकिंग कुठून येणार? पण पिंगला उत्तर द्यायला त्याला येत होतं. लॅबच्या टेबलातही बँकेच्या शाखांचे रूट गेले होते, म्हणजे उत्तर परत यायला रस्ताही तयार. माझ्या 'बोथ'ने दोन्ही बाजूंची दारं उघडून ठेवली होती. एकच दार उघडं राहिलं असतं तर पिंग गेला असता पण परत आला नसता, चेकलिस्टवर फुली पडली असती आणि रात्री तीन वाजताच सगळं उघडकीला आलं असतं.

बाराच्या आत बदल मागे घेतला. शाखा चालू झाल्या. दोन परक्या कंपन्यांची नेटवर्कं रात्री दीडपासून एकमेकांना उघडी होती, ही गोष्ट फार मोठी होती. दोन्हीकडे पत्रं गेली, बैठका झाल्या. ते सगळं साहेबलोकांच्या पातळीवर.

दुपारी चारला आमच्याकडे कॉल. कारणमीमांसा. पंधरा-वीस लोक लाइनवर. चेकलिस्ट वाचली गेली. कोल्हापूर शाखा, मुख्य सर्व्हरला पिंग, टिक. एक जण म्हणाला, "शाखा बंद होती आणि इथे टिक आहे. म्हणजे चेक न करताच टिक मारलेत." दुसरा म्हणाला, "रात्रपाळीत हेच चालतं." नोंद झाली, मानवी चूक, बदल करणाऱ्याकडून. तो मुलगा कॉलवर नव्हता. रात्रपाळी करून झोपला असेल.

मी कॉलवर होतो. मला माहीत होतं की पिंग खरंच आला होता, आणि का आला होता तेही माहीत होतं. काकांनाही माहीत होतं. पण ते दुपारी तीनच्या गाडीने भाचीच्या लग्नासाठी सोलापूरला निघून गेले होते. जाताना मला म्हणाले होते, "तू सांगशीलच."

मी फोन म्यूटवर ठेवून गप्प बसलो.

त्याच्या बाजूने सबबी पुष्कळ होत्या. आधी नीट पुरावा गोळा करू. एवढ्या लोकांसमोर नको, मॅनेजरला एकट्याने सांगू. मॅनेजर आज तापलेत, उद्या सांगू. गुरुवारी मॅनेजर रजेवर. शुक्रवारी सकाळी काका परत आले, लाडवाचा डबा घेऊन, आणि आल्या आल्या विचारलं, "काय रे, त्या पोराला कुणी काही बोललं नाही ना?" त्याचं ओळखपत्र बुधवारी संध्याकाळीच बंद झालं होतं. काकांनी डबा टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्याच वेळी उठून मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं. साचा माझा, चूक माझी, टिक खरी. मला वाटलं होतं आता नोकरी जाते. तसलं काही झालं नाही. मॅनेजरनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बुधवारी का नाही सांगितलंस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

अहवाल बदलला. मुलाला सोमवारी परत बोलावलं. मी त्याला खाली टपरीवर चहाला घेऊन गेलो. भाषण पाठ केलं होतं. त्याने ते पूर्ण होऊच दिलं नाही.

"सर, ते जाऊ द्या. मला फक्त एक सांगा. पिंग आला कसा?"

मी प्रिंटरची गोष्ट सांगितली. त्याने चहा खाली ठेवला आणि भडाभडा बोलायला लागला. पाच दिवस तो हाच विचार करत होता. मी खरंच पिंग केला होता का? की झोपेत टिक मारली? कोल्हापूरची आणि सांगलीची ओळ आपण उलटसुलट तर वाचली नाही ना? सगळे म्हणतायत तर आपलंच चुकलं असेल. त्याने घरी सांगितलंच नव्हतं. रोज संध्याकाळी डबा भरून बाहेर पडायचा आणि स्टेशनवर जाऊन बसायचा.

नोकरी जाण्यापेक्षा त्याला स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा गेला होता याचं जास्त लागलं होतं. आणि तो परत द्यायला माझं एक वाक्य पुरलं असतं. बुधवारी चार वाजता. एक वाक्य!

दोन महिन्यांनी त्याने दुसरीकडे नोकरी धरली. नंतर संपर्क राहिला नाही.

टूलमध्ये मी पुढे जे बदल केले ते सगळे काकांच्या कागदावरून. काकांनी एक चौकटींचा कागद आखून दिला होता. उभ्या रकान्यात देणारे, आडव्या ओळीत घेणारे, आणि ज्या चौकटीत खूण असेल तिथे शेजारी कारण. "कोण देतंय आणि कोण घेतंय, हे दोन प्रश्न वेगवेगळ्या वेळी विचारायचे. एका दमात विचारलेस की दुसऱ्याचं उत्तर तू न वाचताच देतोस," असं त्यांचं म्हणणं. 'बोथ' हा शब्द टूलमधून हद्दपार झाला. एक्स्पोर्टला गाळणी सक्तीची, परक्या लेबलाच्या इम्पोर्टलाही. प्रत्येक टेबलात जास्तीत जास्त किती रूट मावतील याला मर्यादा, म्हणजे कधी बांध फुटलाच तर आरडाओरडा तरी होईल.

हा काही आम्हालाच सुचलेला शहाणपणा नव्हे. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी एक रूट तयार केला. तो देशाच्या आतच राहायला हवा होता, तो बाहेर दिला गेला. आणि वरच्या कंपनीने तो न तपासता आत घेतला. यूट्यूबच्या स्वतःच्या रूटपेक्षा तो जास्त नेमका असल्यामुळे जगभरच्या राउटरांनी तोच मानला आणि दोनेक तास यूट्यूब जवळजवळ सगळीकडे गायब. देणाऱ्याने तपासलं असतं तरी टळलं असतं, घेणाऱ्याने तपासलं असतं तरी टळलं असतं. शेवटी २०१७ मध्ये आरएफसी ८२१२ आली. तिचं म्हणणं साधं आहे. बाहेरच्या शेजाऱ्याशी बोलताना काय घ्यायचं आणि काय द्यायचं हे तुम्ही स्पष्ट लिहिलं नसेल, तर काहीच घेतलं जाणार नाही आणि काहीच दिलं जाणार नाही. नॅपकिनांपासून इथवर यायला अठ्ठावीस वर्षं लागली.

तर, सोमवारी त्या मुलाला सांगायचंय ते एवढंच. राउटर दोन ओळी करतो हे खरं, पण राउटर विचार करत नाही. तुझ्या दोन ओळी राउटरसाठी नाहीतच. पहिली लिहिताना 'हे मी कुणाला देतोय' असं स्वतःला विचारायचं, आणि दुसरी लिहिताना 'हे मी कुणाकडून घेतोय'. आकडा तोच निघाला तर निघू दे. आठ सेकंद जास्त जातील.

आणि त्याला एक टेस्ट दाखवायची आहे. पुढच्या तिन्ही नोकऱ्यांमध्ये मी ती नव्याने लिहून बरोबर नेली. दोन गिऱ्हाइकं मांडायची, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली. एकाचा सर्व्हर आणि दुसऱ्याचा प्रिंटर, पत्ता एकच. मग सर्व्हर बंद करायचा आणि पहिल्याच्या शाखेतून त्या पत्त्याला पिंग करायचा. पिंग आला तर टेस्ट नापास.

नवीन लोक ती बघून हसतात, म्हणतात टेस्ट उलटी लिहिली आहे. तिचं नावही त्यांना विचित्र वाटतं, कारण टेस्टची नावं अशी प्रश्नार्थक नसतात. 'पिंग आला कसा' असं नाव आहे तिचं. ते माझं नाही. ज्याचं आहे त्याला बहुतेक ठाऊकही नसेल.